यंदा मडकं मी लावणार!

हॉस्टेलवरच्या मैत्रिणी विचारतात, "ख्रिसमसच्या सुट्टीत काय केलंस?" मी "काही नाही" म्हणते. पण आमच्या घरात काही न करता नुसतं बसलं तरी किस्से साचतात, सिंकमध्ये भांडी साचतात तसे! यंदाची सगळी सुट्टी तर एका मडक्यावरून गाजली.

*

पनवेलला थंडी पडली की पोपटी होतेच. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी कोंबायची, मडकं पालथं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. पाणी नाही, तेल नाही. आमच्याकडे शेंगा निवडतात बायका आणि मडकं लावतात सुरेशकाका. आल्या दिवशीच मी जाहीर केलं, "यंदा मडकं मी लावणार."

"ते पुरुषांचं काम," काका म्हणाले. "आगीशी खेळ असतो तो!"

"मग उद्यापासून सकाळचा गॅसही तुम्हीच पेटवा!"

आईला अचानक ठसका लागला.

*

मी फॅमिली ग्रुपवर पोल टाकला: 'पोपटी कोणी लावावी?' बघितलं सगळ्यांनी. मत पडलं एकच. काकांचं, काकांना! खाली गुलाबाचं फूल आणि मेसेज, "लोकशाहीचा विजय असो. शुभ सकाळ."

*

मग काकांनी मला प्रेमानं घ्यायचं ठरवलं. "इंजिनिअर होणार तू. मडक्यात काय ठेवलंय?"

"मग तुम्ही का सोडत नाही?"

काका हळवे झाले. "रिटायर झालो गं. माझ्याकडे तेवढंच उरलंय."

मी विरघळणारच होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "हां, सोसायटीचा सेक्रेटरी बोलतोय. पार्किंगचं मी ठरवणार!"

*

पोपटी रोडपालीला, आत्याच्या परसात. काका ऐटीत पाल्याचं पोतं घेऊन आले. आत्यानं हुंगलं.

"सुरेशा, ह्यो भांबुर्डा नाय. याला बकरी पन तोंड लावायची नाय!"

"ताई, नवीन व्हरायटी असेल."

आत्या माझ्या स्कूटीवर बसली आणि आम्ही खरा पाला घेऊन आलो. आल्या आल्या तिनं निकाल दिला, "मडकी दोन लावा. येक तुजा, येक पोरीचा. ज्याची पोपटी बेस, तो पुढच्या सालपासून लावंल."

*

काकांचा मार्गशीर्ष चालू होता. महिनाभर अंडंसुद्धा वर्ज्य. त्यामुळे त्यांच्या मडक्यात फक्त शेंगा, बटाटे, रताळी. माझ्यात सगळंच. मडकी शेजारी शेजारी पालथी घातली, कारण आत्या म्हणाली, "पेंढा काय फुकट येतो? जाळ येकच करा!"

आग विझली तेव्हा दोन्ही मडकी सारखीच काळीकुट्ट. आई म्हणाली, "भावोजी, नीट बघा हं." काका हसले. "वहिनी, वीस वर्षं लावतोय मी. वासावर ओळखतो!" त्यांनी डावीकडचं मडकं उघडलं, वरचा बटाटा तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"अहाहा! याला म्हणतात हात! हे बघ पोरी, शिक. हे माझं मडकं!"

आत्या म्हणाली, "मंग पुढच्या सालचा ठरला."

काकांनी मडकं ताटात उपडं केलं. पाल्यामागून कोंबडीची तंगडी घरंगळली.

काकांचा जबडा थांबला. मग त्यांनी सावकाश घास गिळला.

"हे मडकं माझं नाही."

"मग कोणाचं?" मी विचारलं.

"तुझं. तुझंच," काका म्हणाले आणि दुसरा बटाटा उचलला!