मुयस्सर ओपांचा अर्धा प्याला

कडी लावून झाली की मुयस्सर ओपा ती ओढून बघायच्या. जिन्यात कुणाची पावलं थांबली की नळ बंद करून कान द्यायच्या. मीटर बघायला आलेल्या माणसाला त्याच्या आईचं गाव विचारायच्या. नान घेताना त्याची खालची बाजू करपली आहे का, हे मान वाकडी करून बघायच्या. नान मात्र कधी उलटा धरायच्या नाहीत; आमच्याकडे तो अन्नाचा अपमान.

ताश्कंदच्या हमरस्त्यावरच्या आमच्या सगळ्या इमारती सोव्हिएत काळातल्या. समोर काँक्रीटची जाळी, बाजूच्या भिंतीवर मोझॅक. आमच्या भिंतीवर डाळिंबाचं झाड. शेजारची इमारत धोकादायक ठरवून पाडली, तिथं आता काचेचा मनोरा आहे. ओपा, म्हणजे आम्हा सगळ्यांची ताई, माझ्या शेजारच्या घरात एकट्या, शिवणकाम करून राहायच्या. हे घर गेलं असतं तर त्यांना जायला जागा नव्हती.

वसंतात भिंतीवरच्या डाळिंबाचे तुकडे कमी व्हायला लागले.

"पडत असतील, ओपा," मी म्हणाले.

"काढतंय कुणीतरी. भिंत भिकार दिसली की पाडायला मोकळे. तो खालचा शुहरत रोज तिथं वाकतो, पिशवी भरून नेतो. एवढं साहित्य शिकलीस, समोरचं दिसत नाही?"

त्यांनी त्याला चहाला बोलावलं.

"पिशवीत काय नेतोस, शुहरतजान?"

"दगड, ओपा. पाठ बळकट होते."

ओपा हसल्या नाहीत. पाहुण्याला आम्ही अर्धाच प्याला ओततो, त्यानं बसावं, पुन्हा मागावा म्हणून. ओपांनी काठोकाठ भरला. शुहरतनं प्याल्याकडे पाहिलं, छातीवर हात ठेवला आणि न पिता निघून गेला.

सकाळी ती पिशवी ओपांच्या दाराला अडकवलेली होती. आत डाळिंबाचे तुकडे, धुऊन कापडात गुंडाळलेले. सोबत सिमेंटची पुडी.

ओपांनी एक तुकडा उलटा करून नखानं खरवडला. मागचा जुना गिलावा भुगा होऊन गळला.

"पडलेलेच आहेत," त्या हळूच म्हणाल्या.

मग स्टुलावर उभ्या राहून त्या स्वतःच तुकडे बसवू लागल्या. मला म्हणाल्या, "शुक्रवारी त्याला बोलव. पुलाव करते. चहा मीच ओतीन."

गुरुवारी त्या गेल्या. झोपेतच.

परवा दोन माणसं भिंतीचे फोटो काढत होती. मी एकाला त्याच्या आईचं गाव विचारलं. त्यानं पुढचा फोटो काढला.

डाळिंब खालून अजून उघडंच आहे. उरलेले तुकडे ओपांच्या खिडकीत, कापडात. शुहरतचा चहा ओतायचा राहिला.