माझे बावीस दिवस

मुलगी लग्न होऊन सिॲटलला गेली तेव्हापासून आमच्या ओहायोतल्या डब्लिनच्या घराचं बेसमेंट रिकामंच होतं. तीन वर्षांपूर्वी तिथे घानाचा एक तरुण राहायला आला. तो कोलंबसच्या विद्यापीठात राज्यशास्त्रात पीएच.डी. करत होता. पहिल्याच आठवड्यात तो माझ्या बायकोला काकू म्हणू लागला आणि ओघाने मी काका झालो.

रविवारी सकाळी तो वर पोहे खायला येई आणि आपल्या प्रबंधाबद्दल बोले. त्याच्या देशात निवडणुका नेमाने होतात, सरकारं मतांनी बदलतात, याचा त्याला अभिमान होता. पण तरुण मुलं पक्षांत जातात ती विचार पटून की आणखी कशासाठी, हा त्याचा प्रश्न होता. तो स्वतः कॉलेजपासून एका पक्षाच्या विद्यार्थी शाखेत होता.

"काका, आमच्याच शाखेतल्या एकाला मी विचारलं, आपल्या पक्षाची विचारसरणी काय? तो म्हणाला, ते माहीत नाही, पण आपला टी-शर्ट कितीही धुतला तरी रंग जात नाही. समोरच्यांचा जातो."

बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. "अगदी आपल्याकडच्यासारखं की रे!"

मला मात्र राहवेना. आमच्या वेळी असं नव्हतं, आमची अभ्यासमंडळं होती, आम्ही वाचून भांडायचो, असं म्हणत मी माझी नेहमीची गोष्ट सुरू केली. आणीबाणीत मला कॉलेजातून उचललं. माफीनामा पुढे केला. मी सही केली नाही. एकोणीस महिने आत काढले. डाळीत निघणारे खडे जमवून आम्ही त्यांच्या सोंगट्या करायचो. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमात या सोंगट्यांवर दरवर्षी हशा येतो आणि शेवटी टाळ्या. त्याने सगळं फोनवर रेकॉर्ड केलं. प्रबंधाच्या प्रस्तावनेत घालीन म्हणाला.

तो खाली गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, मंडळातलं ठीक आहे. त्याला तरी खरं सांगायचं होतंत."

"एका गोष्टीने कोणाचं काय बिघडतं?" मी म्हणालो.

खरं असं आहे. मी बावीस दिवस आत होतो. तेविसाव्या दिवशी वडील टाइप केलेला कागद घेऊन आले. त्यात आंदोलनाशी माझा संबंध नाही, झाल्याचा पश्चात्ताप आहे, असं काहीसं लिहिलं होतं. अमेरिकेतल्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र घरी येऊन पडलं होतं. मी कागद नीट वाचलासुद्धा नाही. सही केली. एकोणीस महिने काढले ते माझ्या वर्गमित्राने, शेजारच्या पथारीवरच्या. सोंगट्याही त्याच्याच, त्याने मला पुढे पत्रात लिहिलेल्या. मी निघालो तेव्हा त्याने मला अडवलं नाही, टोचूनही बोलला नाही. एवढंच म्हणाला, "आमच्या आईला सांग, सही केली नाही म्हणून रागावू नकोस."

त्याची आई आमच्याच गल्लीत राहायची. मी परदेशी निघेपर्यंत चार महिने गल्लीच्या दुसऱ्या टोकाने जात-येत राहिलो. निरोप दिला नाही.

पुढे अमेरिकेत कोणीतरी विचारलं, "तुम्ही आत होता ना?" मी "हो" म्हणालो. "किती दिवस?" या प्रश्नाला तोंडून मित्राचा आकडा निघून गेला. त्यानंतर तो मागे घेणं दर वर्षी अधिकच अवघड होत गेलं. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी बरेच जण हे वाचतील, त्यांच्यासाठीही लिहितो आहे.

वर्षभराने त्या तरुणाने टी-शर्टचा तो किस्सा घालून त्याच्या देशातल्या एका वर्तमानपत्रात लेख लिहिला. आमच्या पक्षाच्या तरुणांना घोषणा पाठ आहेत, विचार ठाऊक नाही, असं त्याचं म्हणणं. पक्षाच्या जिल्ह्यातल्या पुढाऱ्यांनी माफीचं पत्र तयार करून त्याला ईमेल केलं. फक्त सही करायची होती. त्याची आई गावच्या शाळेत दुपारचं जेवण रांधायची. ते काम तिला पक्षाच्या ओळखीतून मिळालं होतं. मामाचे फोनवर फोन येत होते, सही कर आणि मोकळा हो.

संध्याकाळी तो वर आला. "काका, तुम्ही सही केली नाहीत. भीती नाही वाटली?"

खरं बोलायची वेळ हीच होती. बायको ओट्यापाशी पाठ करून उभी होती. तिने नळ बंद केला. मी म्हणालो, "भीती वाटते रे. पण सही एकदा केली की पुसता येत नाही."

वाक्य खरं होतं, पण ते कुठून आलंय हे त्याला माहीत नव्हतं. त्याने सही केली नाही.

महिन्याभरात त्याला पक्षातून काढलं. शाळेचं रांधण्याचं काम दुसऱ्या बाईला गेलं. त्याने हे मला पुढच्या रविवारी शांतपणे सांगितलं. आईची मोठी पातेली अंगणात पालथी पडली आहेत, म्हणाला. मग म्हणाला, "आई विचारत होती, तुमच्या आईने ते एकोणीस महिने कसे काढले?"

माझ्या आईने मी सुटून आल्याच्या दिवशी श्रीखंड केलं होतं. मी पोह्यांची बशी बाजूला सरकवली आणि त्याला सगळं सांगितलं.

"बावीस दिवस?" त्याने विचारलं.

"बावीस."

त्याने आपली बशी विसळून ठेवली आणि तो खाली गेला. पुढचे दोन रविवार वर आला नाही. बायकोने दोन्ही वेळा त्याच्यापुरते पोहे झाकून ठेवले.

तिसऱ्या रविवारी आला. फोन टेबलावर ठेवला. "पुन्हा सांगा. जुनं मी पुसलेलं नाही, दोन्ही ठेवणार आहे."

मी सांगितलं. मध्ये तो एकदाच बोलला. "खरं कळलं असतं तर मी सही केली असती का, मला माहीत नाही. पण आईला आधी विचारलं असतं. तुमची गोष्ट ऐकून वाटलं, असलं काही विचारायचं नसतं."

मी पुढचं सांगत गेलो, न दिलेल्या निरोपापर्यंत.

"त्या मित्राच्या आईला निरोप नंतर कोणी दिला का?" त्याने विचारलं.

"नाही. ती गेली. दोन वर्षांपूर्वी तोही गेला."

त्याने फोन उचलला आणि तिथेच उभ्या उभ्या आईला लावला. तिकडे दुपार होती. तो त्याच्या भाषेत बराच वेळ बोलला, मग नुसता ऐकत राहिला.

"तुमच्या मित्राचा निरोप मी माझ्या आईला दिला," तो फोन ठेवून म्हणाला.

"काय म्हणाली?"

"रागावले नाही म्हणाली. पण विचारायला हवं होतंस, असंही म्हणाली."

मग त्याने खुर्ची ओढली आणि बायकोने त्याच्यापुढे पोहे ठेवले.