पंप आणि बिडी

“बिडीचा धूर आत जातो, पंपाची वाफही आत जाते. मग फरक काय?”

धुळ्याहून आलेले बडे अब्बा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मामूंना विचारत होते. मी स्वयंपाकघरात इफ्तारीसाठी कलिंगड कापत होते. आतल्या खोलीत अम्मी पलंगावर गुडघ्यांवर हात टेकून बसली होती. तिला दमा आहे. रोजा तुटेल या भीतीने पहाटेच्या सहेरीपासून तिने पंप घेतला नव्हता. थोरले दीर काय म्हणतात, याची ती वाट बघत होती.

“पंप अत्तरासारखा,” मामू म्हणाले. “वासाने कुठे रोजा तुटतो?”

“अत्तर नाकाला, पंप घशाला. तुम्ही जळगाववाले सगळं सोपं करून घेता.”

“आणि तुम्ही धुळेवाले आमच्या बहिणीला मारून मोकळे व्हाल.”

दोघेही हसले. भिंतीपलीकडे अम्मीच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता.

याला कयास म्हणतात. नव्या गोष्टीबद्दल कुराण-हदीसमध्ये हुकूम सापडला नाही, तर ती जुन्या गोष्टीशी ताडून बघायची. दोन्हींमागचं कारण एक असेल, तर हुकूमही एकच. दारू नशेमुळे हराम, म्हणून नशेची नवी गोळीही हराम. लहानपणी शिकवायला येणाऱ्या आपांनी मला एवढं तरी नीट समजावलं होतं. आमच्या घरात मात्र कारणापर्यंत कुणी जातच नाही. वरवर सारखं दिसलं की झालं. गेल्या रमजानमध्ये डोळ्यांत घालायच्या औषधावरून असाच तासभर वाद झाला होता, तोही ज्याचे डोळे आले होते त्याला न विचारता.

मी कलिंगड कापत राहिले. माझं उर्दू कच्चं. तोंड उघडलं की “आली आमची कॉन्व्हेंटवाली मौलाना” हे ठरलेलं.

“पान खाल्लं तर तुटतो ना?” बडे अब्बांनी आता नवीन उदाहरण काढलं.

सुरी ठेवली. हात धुतले. अम्मीच्या उशीखालचा पंप काढून हलवला. तिने मान हलवून नको म्हटलं आणि दाराकडे बघितलं. दारात बडे अब्बा येऊन उभे होते. माझे कान तापले होते, तरी बोलले.

“बडे अब्बा, हुकूम नसेल तिथे कयास. आजाऱ्याने रोजा सोडावा, नंतर भरून काढावा, हे तर कुराणातच आहे. अम्मी, तोंड उघड.”