कच्चं खाणाऱ्या मास्तरांचे पाय

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण कोणाचं, असं कोणी विचारलं तर मी माझ्या गणिताच्या मास्तरांचं सांगतो. आईवडिलांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही, कारण त्यांचंही उत्तर तेच होतं. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. मास्तर कणकवलीच्या शाळेतून निवृत्त होऊन लालबागला विधवा बहिणीकडे, अक्कांकडे, राहायला गेले होते. मी मॅट्रिक झाल्याचं कळताच त्यांनी वडिलांना निरोप धाडला, "मुलाला कॉलेजात घालायचं. इकडे पाठवा, जागा आहे."

जागा कसली, चाळीतली एक खोली. अक्कांचे यजमान गिरणीत होते, त्यांच्या मागे ती अक्कांकडे राहिली होती. त्या खोलीत एका कोपऱ्यात अक्कांची चूल आणि दुसऱ्या कोपऱ्यात मास्तरांचं फडकं. फडक्यात मूग नाहीतर मटकी मोड येण्यासाठी बांधून ठेवलेली. कारण मास्तर शिजवलेलं काही खात नसत. मोडाची कडधान्यं, भिजवलेले शेंगदाणे, ओलं खोबरं, गाजर, काकडी, दादरच्या बाजारातून आणलेला पाला, केळी, खजूर. मुंबईत आल्यावर निसर्गोपचारावरचं एक व्याख्यान ऐकून त्यांनी हे सुरू केलं आणि त्यांचं जुनं पित्त खरोखरच गेलं. दादरला असे कच्चं खाणारे आठ-दहा जण दर रविवारी जमत, त्यांत मास्तरही जात.

दूध सोडण्याचं कारण वेगळं होतं. जवळच्या तबेल्यात म्हशीचं पारडू मेलं, तेव्हा गवळ्याने त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे उभं केलं. म्हैस त्याला चाटत राहिली आणि पान्हा सोडत राहिली. मास्तरांनी हे पाहिलं आणि घरी येऊन चहा खाली ठेवला. त्या दिवसापासून दूध, दही, ताक, तूप सगळं बंद. मासळी तर आधीच सुटली होती. चामड्याच्या चपलाही त्यांनी देऊन टाकल्या आणि टायरच्या तळव्याच्या, कॅनव्हासच्या पट्ट्यांच्या चपला करून घेतल्या.

अक्का एका बाजूला बांगडा तळायच्या आणि दुसऱ्या बाजूला भावाच्या ताटाकडे बघायच्या. "गुरां खातत तां खातस," त्या म्हणायच्या, "पण गुरां निदान रवंथ तरी करतत."

"मी पण करतो," मास्तर घास सावकाश चावत म्हणायचे. "बत्तीस वेळा."

मी अक्कांच्या हातचं जेवून मास्तरांजवळ अभ्यासाला बसायचो. ते दिवस मला फार सुखाचे वाटतात.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. मास्तर एकही मोर्चा चुकवत नसत. निवृत्त माणूस आणखी काय देणार, पाय देणार, असं ते म्हणत. त्याच सुमारास ते तक्रार करू लागले की पायांना मुंग्या येतात, आणि तळव्याखाली सारखी कापसाची गादी असल्यासारखं वाटतं. तक्रार तरी कसली, ते आनंदात होते. दादरच्या मंडळींनी त्यांना सांगितलं होतं की शरीरातलं साठलेलं विष बाहेर पडताना असं होतं, शुद्धी पायांपर्यंत पोचली आहे. मलाही ते पटलं. आम्ही दोघांनी मिळून त्या मुंग्यांचं कौतुक केलं.

एका दुपारी आम्ही शिवाजी पार्कच्या सभेला लालबागहून चालत गेलो. ऊन सडकून होतं, डांबर मऊ झालं होतं. सभा संपवून घरी आलो. मास्तर उंबऱ्याशी चपला काढायला वाकले आणि तसेच थांबले. एकच चप्पल होती.

अक्का म्हणाल्या, "चप्पल खंय तुझी?"

"आहे की," मास्तर म्हणाले आणि पुन्हा खाली बघितलं.

अक्कांनी त्यांना खाली बसवून पाय मांडीवर घेतला. तळव्याला पोळून फोड आला होता, तो फुटलाही होता. "तुका दुखना नाय?"

"नाही."

अक्कांनी टोमणा मारला नाही, पदर ओला करून तळवा पुसायला घेतला. ते पाहून मी घाबरलो. दुसऱ्या दिवशी मी मास्तरांना परळच्या इस्पितळात नेलं.

तिथले डॉक्टर शांत स्वभावाचे होते. त्यांनी मास्तरांना डोळे मिटून उभं राहायला सांगितलं, तर मास्तर डोलू लागले. पायाचा अंगठा वर ओढलाय की खाली, हे न बघता त्यांना सांगता येईना. मग डॉक्टरांनी आहार विचारला आणि सगळं ऐकून घेतलं.

"रक्त तसं फार बिघडलेलं नाही मास्तर. तुमच्या पाल्यानं ते सांभाळलं. पण नसा सांभाळल्या नाहीत. बी-बारा नावाचं एक जीवनसत्त्व असतं, ते पालेभाजीत नाही, कडधान्यातही नाही."

"मग म्हशीला कुठून मिळतं? ती तर नुसता पाला खाते," मास्तरांनी विचारलं.

"तिच्या पोटात रवंथाच्या कप्प्यात जंतू असतात, ते तयार करतात. आपल्याकडे ती सोय नाही."

मला अक्कांची आठवण झाली. मास्तरांनाही झाली असावी, कारण ते हसले. पण डॉक्टर पुढे म्हणाले की आणखी उशीर केला तर चालणं जाईल, आणि गेलेलं परत येईलच असं नाही. इस्पितळात काळजाच्या, म्हणजे यकृताच्या, अर्काची इंजेक्शनं होती, ती लगेच सुरू करता येतील.

"काळीज कोणाचं?"

"जनावराचं."

"मग नको," मास्तर म्हणाले आणि सदरा घालू लागले.

घरी अक्कांनी समजावलं, मी विनवलं. मास्तर म्हणाले, "पारड्यासाठी दूध सोडायचं आणि स्वतःच्या पायांसाठी दुसऱ्याचं काळीज टोचून घ्यायचं? हे समीकरण सुटत नाही रे."

गणिताच्या माणसाशी गणितातच बोलावं लागतं. मी माझ्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी सांगितलं की हेच जीवनसत्त्व आता काळजाशिवायही मिळतं. मोठ्या टाक्यांत सूक्ष्म जंतू वाढवतात, त्यांना साखर आणि धान्याची पेंड घालतात, आणि ते जंतू जे बनवतात ते शुद्ध करून घेतात. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, तेही चालेल, गिरगावात मिळेल.

मी धावत घरी येऊन मास्तरांना सांगितलं. त्यांनी एकेक पायरी विचारली. जंतू म्हणजे काय, ते काय खातात, यात कुठे जनावर येतं का.

"म्हणजे ताडी आंबते तसं."

"तसंच, मास्तर."

"आणि बाटलीत भरताना तापवतात?"

मी अडखळलो. तापवत असणारच.

तेवढ्यात अक्का चुलीजवळून म्हणाल्या, "डॉक्टराक सांगूया, इंजेक्शन कच्चाच दे म्हणून."

मास्तर खूप वेळ हसले. मग म्हणाले, "कच्चं खाणं ही माझी आवड आहे. कोणाचा जीव न दुखवणं हा माझा शब्द आहे. आवड मोडली तरी चालेल. घेऊन ये."

औषध डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल होतं. सुरुवातीला वरचेवर आणि नंतर महिन्यातून एकदा डॉक्टर ते टोचत. तोवर अक्कांनी नव्या चपलांना मागून जाड नाडीचा पट्टा शिवला, म्हणजे चप्पल निसटणार नाही. तो पट्टा पाहून चाळीतली मुलं हसत आणि मास्तर त्यांना पाढे विचारत. मुंग्या हळूहळू कमी झाल्या. एक दिवस मास्तर जिन्यात ओरडले, म्हणून आम्ही धावलो. त्यांच्या पायात बारीक खडा रुतला होता आणि ते अतिशय खुशीत होते. मूग, खोबरं, पाला चालूच राहिलं. दादरच्या मंडळींनाही त्यांनी डॉक्टरांकडे पाठवलं, काही गेले.

पुढे मी पदवीधर झालो आणि कोल्हापूरला कॉलेजात नोकरीला लागलो. महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशी मास्तर लालबागहून शिवाजी पार्कला चालत गेले आणि चालत परत आले, हे मला त्यांनीच कळवलं. त्यावर मी पाठवलेलं पत्र असं होतं :

"मास्तर, साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मी सुट्टीतल्या जादा वर्गाला जाण्याआधी वाचलं आणि मुलांना त्या दिवशी काय शिकवलं ते मला आठवत नाही. तुम्ही दोन्ही चपला पायात घालून परतलात, हे तुम्ही मुद्दाम लिहिलंत, त्याचा अर्थ मला कळला.

महिन्याचं इंजेक्शन चुकवू नका. पाय बरे झाले म्हणून गरज संपली असं होत नाही, हे डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं आहे. अक्कांना म्हणावं, पाला स्वच्छ धुऊन द्या आणि टोमणे मात्र आहेत तसेच असू द्या.

इथे जिकडे तिकडे चामड्याच्या सुंदर चपला दिसतात. तुमच्यासाठी त्या घेतल्या नाहीत. पण एका कारागिराला टायरचा तळवा आणि कॅनव्हासचे पट्टे देऊन इथल्या घाटाची एक जोडी करवून घेतली, ती सोबत पाठवतो. मागे पट्टा लावू का, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, नको, त्यांना चप्पल कळते.

तुमचा विद्यार्थी."