चौथ्या होलच्या उजवीकडचा बंगला

"जाळी लावा, विषय संपला," परेशभाई म्हणाले.

समोर हिनाबेन उभ्या होत्या. हातात गोल्फचा चेंडू. सकाळी तो त्यांच्या बाल्कनीची काच फोडून नातीच्या पाळण्याशेजारी पडला होता. तिला तेवढ्यात आंघोळीला आत नेलं होतं, म्हणून ती वाचली.

"पिंजऱ्यात रहेवा बंगलो नथी लीधो," हिनाबेन म्हणाल्या. पिंजऱ्यात राहायला बंगला घेतला नाही, एवढं सुनावून त्या निघून गेल्या.

मी गोल्फ कोर्स डिझाइन करते. सुरतजवळ पलसाण्याच्या बाजूला बिल्डर परेशभाईंची बंगल्यांची सोसायटी आहे, मधोमध नऊ होलचा कोर्स. माझ्या ड्रॉइंगमध्ये चौथ्या होलच्या उजवीकडे दाट झाडी होती. बुकिंग वाढलं तशी झाडीच्या जागी बंगल्यांची एक ओळ आली. हौशी खेळाडूचा फटका बहुतेक वेळा उजवीकडेच वळतो. त्याला स्लाइस म्हणतात. म्हणजे घरं नेमकी चेंडूच्या वाटेत.

त्या दिवसापासून मला चैन पडेना. होल म्हणजे नुसता खड्डा नाही, तिथपर्यंतचा अख्खा पट्टा; त्यातल्या पहिला फटका मारायच्या जागेला टी म्हणतात. तिथून 'टक' आवाज आला की हातातलं काम सोडून मी बाल्कनीकडे बघायची. जाळी कितीही उंच लावली तरी चेंडू वरून जाणार. नवी झाडं वाढायला वर्षं लागणार.

हिनाबेनचा बंगला ओळीतला शेवटचा. मी टीच उचलून त्याच्या पुढे आणायचं ठरवलं. सगळी घरं खेळाडूच्या पाठीमागे.

"पण होल अर्धा होईल, मॅडम! ब्रोशरमध्ये पार छत्तीस छापलंय," परेशभाई म्हणाले. पार म्हणजे चांगल्या खेळाडूला कोर्स पुरा करायला लागणारे फटके.

"पस्तीस छापा. आणि तोवर होल बंद ठेवा."

"रविवारी मेंबर येतायत. बंद नाही होणार."

"मग रविवारी हिनाबेनकडे चहाला चला. बाल्कनीतच बसू."

ते आले. काचेच्या जागी पुठ्ठा लावलेला होता. हिनाबेननी चहा दिला. टक! परेशभाईंनी कप खाली ठेवला. चेंडू तळ्याकडे गेला. पुन्हा टक. त्यांनी खुर्ची भिंतीला टेकवली. एकही चेंडू बाल्कनीत आला नाही, पण चहा गार झाला. आतून नात रांगत दारात आली, तेव्हा तेच ताडकन उठले आणि तिला उचलून आत घेऊन गेले.

बाहेर आले ते फोन कानाला लावूनच. "चौथा होल बंद करा. हो, आत्ता."

टी हलली. दांडगे खेळाडू अजून कुरकुरतात की ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची काठी, काढायला वावच राहिला नाही. सोसायटीतली वयस्कर मंडळी मात्र सगळ्यात जास्त तोच होल खेळतात.

टीवरून होल कसा दिसतो ते प्रत्येक क्लायंट बघतो. चेंडू जिथे पडतो तिथे त्याला बसवावं लागतं.