सरावापुरता प्रतिस्पर्धी

बारामतीच्या ज्या हॉलमध्ये मी सकाळी व्यायामाला जातो, तिथे कळंबहून मोटरसायकलवर एक चाळिशीतला आडदांड माणूस येतो. आमच्या हेवीवेट बॉक्सरला ज्याने हरवले होते, दुसऱ्या लढतीच्या सरावासाठी त्या प्रतिस्पर्ध्याची हुबेहूब नक्कल करणे हे याचे काम. पहिल्या लढतीचा व्हिडिओ मोबाइलवर पाहून पाहून त्याने ढब उचलली होती. हनुवटी छातीशी, आणि उजवा ठोसा मारण्याआधी खांदा किंचित खाली.

सगळी मदार त्या खांद्यावर होती. खांदा उतरला की बॉक्सरने डावीकडे सरकून उजव्या बरगडीखाली मारायचे. दोन महिने हा रोज त्याच जागी मार खात होता.

"आबा, बास आता," बॉक्सर म्हणायचा.

"दमलास व्हय? मार की! तितं लागल्याबिगर त्यो खाली बसणार न्हाय."

दुसऱ्या लढतीत प्रतिस्पर्ध्याचा खांदा एकदाही उतरला नाही. तोही तोच व्हिडिओ पाहून आला होता. आमचा बॉक्सर खांद्याची वाट पाहत राहिला आणि हरला.

"मी तुला जुनाच माणूस शिकवला रं," परतताना गाडीत आबा म्हणाला. त्यानंतर बॉक्सर हॉलवर आलेला नाही.

आबाने मात्र पंधरा दिवसांत प्रतिस्पर्ध्याची नवी ढब बसवली. काल मी त्याला म्हणालो, "तो आता येणार नाही, आबा."

"म्हाईत हाय," तो म्हणाला. बरगडीवरचा हात काढून त्याने ग्लोव्ह्ज माझ्यापुढे धरले. "तुमी उभं राहता का समोर? हळू मारलं तरी चालंल."