एका गिअरची सायकल

सायकल स्टँडला लावली की काका आधी खाली वाकायचे आणि पायडलजवळच्या मोटरीला हाताची उलटी बाजू लावून पाहायचे, लहान पोराचं कपाळ पाहतात तसं. मग तोंड वर करून मला सांगायचे, "मिस्त्री, ताप आहे गा थोडा."

नागपूरच्या मनीषनगरात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. बॅटरीच्या सायकली आता इथे पुष्कळ झाल्या, पण त्यांची मोटर बहुधा मागच्या चाकात असते. काकांच्या सायकलची पायडलपाशी होती. मुलीने हौसेने घेऊन दिलेली. अशी मोटर चेन ओढते, म्हणून तिला गिअरची मदत लागते. चढावर हलका गिअर टाकला तर आरामात चढते, जड गिअरवर हळूहळू रेटली तर तापते. हे मी काकांना किती वेळा सांगितलं असेल. ते मान हलवायचे. मान हलवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

तुम्ही संध्याकाळी त्या बाजूला हिंडत असाल तर त्यांना पाहिलंही असेल. उंच, वाळलेले, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला. मागच्या गादीवर एका बाजूला पाय सोडून बसलेल्या काकू, मांडीवर कापडी पिशवी. सायकल इतकी हळू की पायी चालणारे पुढे निघून जायचे. पानठेल्यावरून कोणीतरी हमखास विचारायचं, "काका, कुठी निघाली जोडी?"

"सावनेरले चाललो गा."

सावनेर इथून चांगलं पस्तीस-चाळीस किलोमीटर. थोड्या वेळाने तीच जोडी त्याच रस्त्याने परत येताना दिसायची, आणि पानठेल्यावर हशा व्हायचा. हसणाऱ्यांत मीही असायचो. सावनेरजवळच्या कोळसा खाणीत काकांनी नोकरीभर पाणी उपसायचे पंप सांभाळले होते, तिथल्या क्वार्टरमध्येच दोघांचा संसार झाला होता. त्यामुळे गावाच्या नावाने गंमत करतात, असं आम्ही धरून चाललो होतो.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी ते सायकल ढकलत आले. काकू मागे बसलेल्याच. मोटर बंद, आणि पायडल जागचं हलेना. मी चेन उतरवून पाहिली. मागचं चाक मोकळं फिरलं, म्हणजे दोष मोटरीतच होता. झाकण उघडलं तसा जळक्या वार्निशचा वास आला. आतलं नायलॉनचं दातेरी चक्र मऊ होऊन शेजारच्या चक्राला चिकटून बसलं होतं, ग्रीस काळं ठिक्कर पडलं होतं. एवढं गरमीने होतं, ते मला समजलं. पण बेअरिंगला गंज होता. नागपुरात मे महिन्यात नळाला पाणी नसतं, ते मोटरीत कुठून येणार?

"काका, धुतली काय मोटर?"

"धुतली नाही गा. ताप चढला का ओली पट्टी ठेवतो." त्यांनी दुपट्ट्याचं टोक दाखवलं. "मंग थंडी होते अन् चालते."

मला हसू आलं आणि रागही आला. फार तापली की ही मोटर आपणहून बंद पडते, ती तिच्या भल्यासाठीच केलेली सोय. काका तिला पट्ट्या ठेवून उठवायचे आणि पुन्हा कामाला लावायचे. तेच पाणी आत झिरपलं होतं. मग मी मागची चक्रं पाहिली. सगळ्यात लहान चक्राचे दाते झिजून टोकदार झालेले, बाकीची नवी कोरी. म्हणजे सायकल पहिल्या दिवसापासून एकाच गिअरवर चालली होती, आणि तोही सगळ्यात जड.

"गिअर काहून बदलत नाही, काका?"

"चालते तसंच," म्हणून त्यांनी विषय मोडला. "उद्या होईल ना?"

पार्ट बाहेरगावाहून येणार, वेळ लागेल, असं मी सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

तेवढ्यात काकू खाली उतरल्या. पिशवी छातीशी धरून, परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीने म्हणाल्या, "भाऊ, अंधार पडून राहिला. मले घरी सोडून देता का? आमचे हे वाट पाहत असतील."

मला वाटलं, मलाच विचारलं. पण त्या काकांकडे पाहत होत्या.

"देतो ना, बाई," काका म्हणाले. "सायकल बनू द्या."

आवाजात वैताग नव्हता, काहीच नव्हतं. पानठेल्यावरचं माझं हसणं आठवलं आणि फार वाईट वाटलं.

पार्ट येईपर्यंत काका रोज दुपारी येऊन स्टुलावर बसायचे. घाई कर, असं कधी म्हणाले नाहीत. एकदा फक्त बोलले. "दिवस कलला का बाई पिशवी घेऊन निघते. घरी जातो म्हणते, सावनेरले. दाराले कुलूप लावलं तर रडते. अनोळखी माणसानं कोंडून ठेवलं म्हणते."

"अन् सायकलवर?"

"सायकलवर बसते," ते म्हणाले आणि उठून गेले.

मोटर चालू झाली. पण गिअरचं कोडं सुटल्याशिवाय ती पुन्हा जळणार होती, म्हणून पहिल्या संध्याकाळी मी माझी सायकल घेऊन त्यांच्यासोबत निघालो. उड्डाणपुलाच्या चढावर मोटर घुरघुरू लागली. "काका, हलका टाका," मी ओरडलो. त्यांनी खटका दाबला. मागे चेन खाडकन चढली, आणि काकू दचकून चालत्या सायकलवरून उतरायलाच लागल्या. काकांनी ब्रेक दाबला. गिअर होता तिथे परत आणला. पण वळून पाहिलं नाही. समोरच बघत म्हणाले, "काही नाही. बस."

काकू बसल्या. पुढच्या सीटची कड धरून म्हणाल्या, "अहो, हळू चालवा ना. पिशवीत कोहळं आहे."

अहो. मी सायकल मागे घेतली आणि गुपचूप चालवत राहिलो. मागून काकूंना दिसत होती ती फक्त काकांची पाठ आणि दुपट्टा, आणि ती पाठ त्यांच्या ओळखीची होती. तोंड विसरल्या होत्या. पूर्ण फेरीत काकांनी एकदाही मान वळवली नाही. परतताना काकू मागून बाजारभाव सांगत होत्या, शेजारणीचं काहीबाही सांगत होत्या, आणि काका "हो गं, हो" म्हणत होते. दारात उतरल्यावर काकूंनी त्यांच्या तोंडाकडे पाहून परक्यासमोर सावरावा तसा पदर सावरला.

"आलं सावनेर," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी गिअर आणि खटका काढूनच टाकले. मागे एकच मोठं, हलकं चक्र बसवलं. "आता आवाज नाही, पण पळणारही नाही," मी म्हणालो.

"हिले कुठं घाई आहे?" काका म्हणाले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर मोटर कधी तापली नाही. तरी दुकानासमोरून जाताना थांबून हात लावायचेच. "ताप नाही गा," असं थोडं नाराजीनेच सांगायचे.

थंडीत ब्रेकच्या कामासाठी सायकल माझ्याकडे ठेवून गेले, सकाळी नेतो म्हणाले. आले नाहीत. त्यांची मुलगी आली. काका झोपेतच गेले होते.

"आईले काही समजलं नाही, दादा," ती म्हणाली. "घरातले ते भाऊ दिसत नाही, एवढंच एकदा म्हणाली."

सगळं आटोपल्यावर एका संध्याकाळी मी सायकल हाताने ढकलत त्यांच्या घरी नेली. चालवत नेववली नाही. काकू ओट्यावर पिशवी घेऊन बसल्या होत्या. सायकल पाहिली तशा उठल्या.

"हे कुठी गेले?" त्यांनी मला विचारलं.

मुलगी तोंड फिरवून आत गेली. मी सायकल स्टँडला लावली आणि काका लावायचे तसा वाकून मोटरीला हात लावला. गार होती.

मी उठून उभा राहिलो तोवर काकू मागच्या गादीवर बसल्या होत्या. पिशवी मांडीवर घेतली होती, आणि पुढच्या रिकाम्या सीटची कड धरली होती.

"बसली मी," त्या समोर बघत म्हणाल्या. "चला ना, अहो."